वारसास्थळांचे संरक्षण आणि नवीकरणीय ऊर्जा

हवामान बदलामुळे ऐतिहासिक वास्तू, पुरातत्त्वीय अवशेष व जुनी नगरे यांची होणारी हानी रोखण्यात सौर, पवन व सागरी ऊर्जेचा उपयोग दोन प्रकारे होतो : खनिज इंधनांचा वापर घटून तापमानवाढीचे मूळ कारण कमी होते आणि वास्तूंच्या देखभालीसाठी लागणारी वीज धुराविना मिळते.

दगडी भिंतीत मुरलेले पाणी सुकताना त्यातील क्षारांचे स्फटिक बनतात आणि त्यांच्या दाबाने दगडाचे पापुद्रे सुटतात. ओल आणि कोरड यांची आवर्तने वाढली की ही झीज वेग घेते. पेरूमधील चान चान हे कच्च्या विटांचे प्राचीन नगर तर मुसळधार पावसापुढे टिकूच शकत नाही. १९८६ साली ते जागतिक वारसा यादीत आले आणि त्याच वर्षी धोक्यातील स्थळांमध्येही गणले गेले.

कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइडमुळे चुनखडक व संगमरवर यांच्या पृष्ठभागावर जिप्सम या मऊ खनिजाचा थर चढतो आणि काजळी बसून तो काळवंडतो. कोळसा थांबल्यास या हानीपासून जवळच्या वास्तूची लवकर सुटका होते. तापमानावरील परिणाम मात्र फार सावकाश जाणवतो, कारण कार्बन डायऑक्साइड वातावरणात शतकानुशतके राहतो. म्हणूनच व्हेनिसला २०२० पासून भरतीच्या वेळी उभारले जाणारे पूररोधक दरवाजे वापरावे लागत आहेत. केवळ स्वच्छ विजेवर विसंबणे अशा नगरांना परवडणारे नाही.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरील स्कारा ब्रे ही सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची वसाहत १८५० च्या वादळाने उघडी पडली आणि आज तोच समुद्र तिचा किनारा कुरतडत आहे. याच बेटांवर २००३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रात लाटा व भरतीच्या प्रवाहांपासून वीज मिळवणाऱ्या यंत्रांच्या चाचण्या होतात, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे.

ऊर्जासाधनांची जागा चुकली, तर वारसास्थळाचे दृश्यरूप बिघडते. उंच पवनचक्क्यांबाबत हा आक्षेप रास्त आहे. छतावरील सौरपट्टांबाबत तो बहुधा टाळता येतो. इंग्लंडमधील ग्लॉस्टर कॅथीड्रल या जुन्या चर्चच्या छतावर २०१६ मध्ये बसवलेले पट्ट जमिनीवरून दिसत नाहीत. व्हॅटिकनने २००८ मध्ये त्यांच्यासाठी जुन्या वास्तूऐवजी आधुनिक सभागृहाचे छत निवडले, तर इटलीतील पाँपेई या प्राचीन नगरात रोमन कौलांसारखी दिसणारी सौर कौले वापरण्यात आली आहेत.