नातवंडाला प्राग दाखवताना
(आजी-आजोबा आणि नातवंडांच्या सहलीसाठी माहितीपत्रक)

सप्रेम नमस्कार. आपण नातवाला किंवा नातीला घेऊन आमच्याबरोबर प्रागला येत आहात. आमची मनापासून एकच विनंती आहे: सगळं प्राग दाखवायचा हट्ट धरू नका. आमच्या कार्यक्रमात पहिली पूर्ण सकाळ एका घड्याळासाठीच ठेवली आहे, आणि ती आम्ही मुद्दाम मोकळी ठेवली आहे.

हे घड्याळ जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर आहे. ते 1410 साली बसवलं. मे 1945 च्या लढाईत ते जळून मोडलं, नंतर दुरुस्त झालं, आणि आजही चालतं. दर तासाला वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य पुढे सरकतात. बाजूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, शेजारच्या मूर्ती ‘नको, नको’ अशा माना हलवतात, आणि शेवटी कोंबडा आरवतो. मिनिटभरात खेळ संपतो आणि गर्दी पांगते. आपण मात्र तिथेच थांबा, कारण खरी गंमत तबकडीत आहे आणि पंचांग बघणाऱ्या घरातल्या माणसाला ती पटकन कळते.

बाहेरच्या काळ्या कड्यावर 1 ते 24 असे सोनेरी आकडे आहेत. हा जुन्या बोहेमियाचा (आजच्या चेक देशातल्या प्राग भोवतीच्या प्रदेशाचा) काळ, आणि तो सूर्यास्तापासून मोजायचा. आपल्याकडे सूर्योदयापासून घटिका मोजतात, तसाच. काट्याच्या टोकाचा सोनेरी हात ज्या आकड्यावर असेल तो 24 मधून वजा केला की दिवस मावळायला किती तास उरले ते कळतं. दुसरी-तिसरीतल्या मुलालाही हे गणित जमतं. ते त्यालाच करू द्या, उत्तर सांगायची घाई करू नका. घटिका म्हणजे 24 मिनिटं, हेही तिथेच सांगून टाका.

आतल्या बाजूला जे वेगळं कडं फिरतं, त्यावर बारा राशी आहेत. सूर्य कोणत्या राशीत आहे ते नातवंडाला शोधू द्या आणि मग पंचांग उघडा. मेच्या पहिल्या आठवड्यात घड्याळात सूर्य वृषभेत दिसेल, पंचांगात मेषेत! दोन्ही बरोबरच. ते घड्याळ सायन (वसंतसंपातापासून मोजलेल्या) राशी दाखवतं, आपलं पंचांग निरयन (स्थिर ताऱ्यांवरून मोजलेल्या), आणि दोन्हींत सुमारे 24 अंशांचा फरक आहे. मागे एक आजोबा हे समजावताना तिथल्या पायरीवर बसले आणि नातीच्या वहीत दोन वर्तुळं काढू लागले. पुढचा कोंबडा आरवला तरी दोघांनी मान वर केली नाही. आम्हाला सहल अशी हवी असते.

चंद्राचा गोळा अर्धा काळा, अर्धा चंदेरी आहे. तिथीचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

कारागिराचे डोळे नगरसभेने काढले, ही गोष्ट कुणीतरी सांगेलच. ती दंतकथा आहे. घड्याळ मिकुलाश या घड्याळजीने घडवलं आणि खगोलाचं गणित यान शिंडेल यांचं मानतात. मुलांना ही खरी नावं जरूर सांगा.

नगरभवनाच्या मनोऱ्यावर जायला लिफ्ट आहे, गुडघ्यांची चिंता नको.

चार्ल्स पुलावर सकाळी लवकर जाऊ, दहानंतर तिथे चालणं अवघड होतं. बांधकाम 1357 मध्ये सुरू झालं. वर 30 पुतळे किंवा पुतळ्यांचे समूह आहेत. ते सगळे ओळखायची गरज नाही. नेपोमुकच्या संत यानचा पुतळा तेवढा दाखवा: डोक्याभोवती पाच तारे, आणि खालच्या कांस्य चित्रांचा काही भाग लोकांच्या हातांनी चकचकीत झालेला. राजाच्या हुकमाने या संतांना 1393 मध्ये नदीत टाकलं होतं. प्रागच्या किल्ल्याकडे 22 नंबरच्या ट्रामने वर जाऊ आणि चालत उतरू.

पंधरा वर्षांखालच्या मुलांना शहरातल्या ट्राम-मेट्रोचं तिकीट नाही. दहाच्या पुढचं मूल असेल तर वयाचा पुरावा जवळ ठेवा. तिथे युरो नव्हे, कोरुना चालतो. रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, म्हणून सपाट तळव्याचे आणि आधी वापरलेले बूटच घाला. मूल आई-वडिलांशिवाय येत असेल तर दोघांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतीपत्र व्हिसासाठी लागेल. त्याचा मसुदा आमच्या कार्यालयात मिळेल. आणि घरातलं यंदाचं पंचांग हातातल्या पिशवीत असू द्या, मोठ्या बॅगेत नको.