वॉलब्रुक खोऱ्यातील आरंभीचे रोमन अवशेष (लंडन)

लंडनच्या 'सिटी' या जुन्या गाभ्यात इमारती पाडून नव्या बांधताना सापडणारे, इ. स. पहिल्या शतकातील रोमन वसाहतीचे अवशेष. इ. स. ४३ मध्ये रोमन फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या. त्यानंतर काही वर्षांतच टेम्सच्या उत्तर काठावर लोंडिनियम (लंडनचे रोमन नाव) वसले. त्याच्या मधोमध वाहणारा वॉलब्रुक ओढा आज जमिनीखाली गडप झाला असला, तरी त्याच्या काठची माती अजून ओली आहे. शहराच्या पहिल्या पिढीचा सर्वांत बोलका पुरावा तिथूनच मिळतो.

याचे श्रेय त्या ओलीलाच आहे. पाण्याने भरलेल्या मातीत ऑक्सिजन पोहोचत नाही, त्यामुळे कुजवणारे जीवाणू आणि बुरशी वाढत नाहीत. रोमनांनी ओढ्याचा काठ उंच करण्यासाठी त्यात गावचा कचरा लोटला. त्या भरावात लाकूड, चामडे, टोपल्या टिकून राहिल्या. एरवी कोरड्या जमिनीत यातले काहीच उरत नाही, फक्त खापरे, हाडे आणि धातू हाती लागतात.

कालनिर्णयाची पहिली खूण म्हणजे जळालेला लाल थर. इ. स. ६० किंवा ६१ मध्ये आइसेनी या स्थानिक जमातीची राणी बूडिका हिने रोमनांविरुद्ध बंड करून लोंडिनियम जाळले. कुडाच्या भिंतींची माती त्या आगीत भाजून विटकरी झाली. या थराखाली जे सापडते ते शहराच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतले. मात्र लाल माती दिसली की बूडिका, असे समीकरण मांडणे धोक्याचे आहे. सुमारे १२५ मध्येही मोठी आग लागली होती, शिवाय जळका मलबा उचलून दुसरीकडे भरावासाठी वापरला जाई. म्हणून खापरे आणि नाणी यांच्याशी ताळा जुळवावाच लागतो.

उत्खननाआधी जुने नकाशे आणि उभ्या इमारतीचे आराखडे तपासतात. तळघर किती खोल गेले आहे आणि पायाचे खांब कुठे उतरले आहेत, यावर खाली काय शिल्लक असेल ते ठरते. मग तळघराची काँक्रीटची जमीन फोडून चाचणी खड्डे घेतात. प्रत्यक्ष खोदकामात प्रत्येक थराला, खड्ड्याला, भिंतीला स्वतंत्र क्रमांक मिळतो. त्याचा नकाशा सहसा १:२० प्रमाणात पारदर्शक फिल्मवर काढला जातो, उंची मोजली जाते आणि मगच तो थर उचलला जातो. सर्वांत नंतरचा थर सर्वांत आधी काढायचा, हा नियम. इथली नेहमीची चूक म्हणजे नंतर खणलेल्या खड्ड्याची कड न ओळखणे. तसे झाले की नंतरची खापरे जुन्या थरात मिसळतात आणि तारीख पुढे सरकते.

लाकडाचे वय वृक्षवलयांवरून काढतात. ओकच्या तुळईत पुरेशी वलये, साधारण पन्नास तरी, हवीत. सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असेल तरच झाड कोणत्या वर्षी तोडले ते नेमके सांगता येते. ते तासले गेले असेल, तर 'या वर्षानंतर' एवढेच म्हणता येते. सिटीतल्या नंबर वन पोल्ट्री या जागेवरील १९९४ ते १९९६ च्या उत्खननात रस्त्याकडेच्या लाकडी गटाराची तारीख अशीच इ. स. ४७ निघाली. बाहेर काढलेले लाकूड क्षणभरही सुकू देत नाहीत, नाहीतर ते आकसून तडकते. ते पाण्यात ठेवतात, मग पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखे रसायन मुरवून गोठवतात आणि निर्वात कक्षात सुकवतात.

२०१० नंतर ब्लूमबर्ग कंपनीच्या नव्या इमारतीच्या जागेवर सुमारे १४,००० वस्तू आणि ४०५ लेखनपाट्या मिळाल्या. पाट्या बहुतेक जुन्या पिंपांच्या फळ्यांतून कापलेल्या. मधल्या उथळ खाचेत काळे मेण भरून त्यावर लोखंडी टोकाने लिहीत. मेण गेले, पण जोर देऊन लिहिलेल्या जागी टोकाचे ओरखडे लाकडात उतरले होते. वेगवेगळ्या बाजूंनी तिरपा प्रकाश टाकून छायाचित्रे घेतली तेव्हा ती अक्षरे वाचता आली. अडचण अशी की पाटी पुन्हा मेण भरून वापरली जाई, म्हणून ओरखड्यांवर ओरखडे चढलेले असतात. एका पाटीवर ८ जानेवारी ५७ ही तारीख आहे: तिबुलस नावाचा मुक्त केलेला गुलाम, माल घेतल्यापोटी ग्रातस नावाच्या माणसाचे १०५ देनारी (रोमन चांदीची नाणी) देणे लागतो, अशी कबुली. दुसरी, २१ ऑक्टोबर ६२ ची, वेरुलामियमहून (आजचे सेंट ऑल्बन्स) लोंडिनियमला धान्यसामग्रीच्या वीस खेपा आणण्याचा करार आहे. जळून खाक झालेले गाव दीड-दोन वर्षांत पुन्हा व्यापाराला लागले होते, याचा इतका थेट पुरावा दुसरा नाही.

याच जागी १९५४ मध्ये मिथ्र देवाचे मंदिर (सुमारे इ. स. २४०) सापडले होते. त्याचे दगड हलवून १९६२ मध्ये जवळच सिमेंटात पुन्हा रचले गेले आणि मूळ रूप बिघडले. २०१७ मध्ये ते मूळ जागेजवळ, रस्त्यापासून सात मीटर खाली, नव्याने उभारले गेले.

१९९० च्या शासकीय मार्गदर्शक सूचनांपासून इंग्लंडमध्ये अशा उत्खननाचा खर्च विकासकावर पडतो. शक्य तिथे अवशेष जागीच ठेवणे पसंत केले जाते, पण तेही निर्धोक नाही. खांब ठोकताना आजूबाजूचे थर ओढले-चेपले जातात. पाया खणण्यासाठी पाणी उपसले की भूजल उतरते, हवा आत शिरते आणि दोन हजार वर्षे टिकलेले लाकूड कोणाच्या नजरेस न पडता कुजू लागते.