कुस्को बघण्याआधी : चौक, भिंती आणि भूकंप

पेरूची ट्रिप ठरली की बहुतेकांच्या डोक्यात एकच नाव असतं, माचू पिचू. कुस्को म्हणजे विमानातून उतरायचं, एक रात्र काढायची, जरा श्वास जागेवर येऊ द्यायचा आणि ट्रेन पकडायची, एवढंच. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण स्पॅनिश लोक येण्याआधी इथे इंकांचं राज्य होतं, त्यांच्यातल्या ज्या पाचाकुतेक राजाने माचू पिचू बांधलं असं मानतात त्याची राजधानी कुस्को होती, आणि तिथे तिकीट काढून जे जे दाखवतात ते आज असं का दिसतं यामागे मोठी गोष्ट आहे. ती माहीत असेल तर तिथे तीन दिवससुद्धा कमी पडतील.

सुरुवात मोठ्या चौकापासून करू, आज त्याला प्लाझा दे आर्मास म्हणतात. पाचाकुतेक साधारण १४३८ ला गादीवर आला आणि त्याने शहर नव्याने आखलं, इंकांच्या मुलुखाचं नावच तावांतिनसुयू म्हणजे चार भाग मिळून झालेला, आणि त्या चारही भागांकडे जाणारे रस्ते या चौकातून निघायचे. चौकाचं जुनं नाव हाउकायपाता. त्यावर वाळू पसरलेली होती, ती पण साधीसुधी नाही, थेट समुद्रकिनाऱ्यावरून अँडीज चढवून ३,४०० मीटरवर आणलेली, काही ठिकाणी अडीच वीत जाड, आणि तिच्यात सोन्याचांदीच्या छोट्या मूर्ती पुरलेल्या! समुद्राला मान म्हणून. पोलो दे ओंदेगार्दो नावाच्या स्पॅनिश अधिकाऱ्याने १५५९ च्या सुमारास ती सगळी वाळू उपसून काढली आणि शेजारी कॅथेड्रलचं काम सुरू होत होतं तिकडे वापरायला दिली. म्हणजे आज आपण ज्या कॅथेड्रलमध्ये जाऊन गिनीपिगचं ताट असलेलं मार्कोस सापाताचं लास्ट सपरचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र बघतो, त्याच्या बांधकामात इंकांच्या चौकातली वाळू आहे. बरेच दगडही शहराच्या वरच्या साक्सायवामान या इंका किल्ल्यावरून ओढून आणलेले. काम संपायला १६५४ उजाडलं.

याच पोलोने आणखी एक गोष्ट केली. इंका आपल्या मेलेल्या राजांचे देह जपून ठेवायचे, सणाला त्यांना नटवून याच चौकात आणून बसवायचे, त्यांच्यापुढे खाणंपिणं ठेवायचे. पोलोने ते लपवलेले देह शोधून जप्त केले. कुस्कोत जन्मलेला गार्सिलासो दे ला वेगा, आई इंका राजघराण्यातली आणि बाप स्पॅनिश, १५६० मध्ये कायमचा स्पेनला जायला निघाला तेव्हा पोलोने त्याला ते देह दाखवले. त्याने एका राजाच्या बोटाला हात लावून पाहिला, लाकडाच्या मूर्तीसारखं कडक लागलं असं त्याने पुढे लिहून ठेवलंय. आईकडच्या पूर्वजाला लावलेला तो हात माझ्या डोक्यातून जात नाही.

गार्सिलासोने म्हातारपणी स्पेनमध्ये बसून इंकांची सगळी हकीगत लिहिली, ती १६०९ मध्ये छापली गेली. पुढे १७८०-८१ मध्ये इंका राजांचा वंश सांगणाऱ्या दुसऱ्या तुपाक आमारूने स्पॅनिश राजवटीविरुद्ध मोठं बंड केलं, ते मोडल्यावर त्याला आणि त्याची बायको मिकाएला बास्तिदास हिला याच चौकात हाल करून मारलं. १५७२ मध्ये शेवटचा इंका राजा, पहिला तुपाक आमारू, त्यालाही इथेच मारलं होतं. बंडानंतर गार्सिलासोच्या पुस्तकावरही बंदी आली, लोकांना जुने दिवस आठवतात म्हणून. आणि त्याच पुस्तकातल्या वर्णनावरून १९४४ मध्ये कुस्कोच्या मंडळींनी इंती रायमी हा सूर्याचा सण परत उभा केला, जो स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकातच बंद पाडला होता. दर २४ जूनला जी झगमगती मिरवणूक बघायला जगभरातून लोक येतात ती म्हणजे हीच. बरेच जण तिला टुरिस्टांसाठी रचलेलं नाटक म्हणतात, मला ते पटत नाही, हे त्यांनी पुस्तकातून शोधून परत मिळवलेलं आहे.

आता भिंती. चौकाच्या जवळच आतुन रुमियोक नावाची गल्ली आहे, तिथे बारा कोनांचा दगड. तो मुद्दाम शोभेला बसवलेला नाही, आजूबाजूचे दगड जसे होते तसे कोन घडवत घडवत इतका बरोबर बसवलाय की सांधा दिसतो पण त्यात काही जात नाही. चुना नाही, माती नाही, आपल्या हेमाडपंती देवळांत असतं तसं नुसतं दगडावर दगड. हत्यारं लोखंडाची नव्हती, कठीण गोट्यांनी ठोकून ठोकून घडवायचे. भिंत आतल्या बाजूला किंचित कललेली, दारं आणि कोनाडे वर निमुळते, त्यामुळे जमीन हलली तरी भिंत हलून परत जागेवर बसते. २०२५ च्या फेब्रुवारीत एका माणसाने हत्याराने या दगडाचे टवके उडवले. इतकी शतकं, इतके भूकंप, आणि जखम झाली ती एका माणसाच्या हाताने.

भूकंपाचा विषय कोरिकांचाशिवाय संपतच नाही. हे सूर्याचं मुख्य मंदिर, भिंतींना सोन्याचे पत्रे, कैद केलेल्या आताहुआल्पा या इंका राजाला सोडवण्याच्या खंडणीसाठी स्पॅनिशांनी पहारी लावून काढलेले. नंतर ही जागा हुआन पिसारो या स्पॅनिश सरदाराच्या वाट्याला आली, त्याच्याकडून डॉमिनिकन साधूंकडे गेली आणि त्यांनी वर सांतो दोमिंगो चर्च आणि मठ बांधला. १६५० च्या भूकंपात चर्च पडलं, परत बांधलं. २१ मे १९५० ला परत भूकंप, अख्खं शहर खिळखिळं झालं, चर्चचा बराच भाग कोसळला आणि आत दडलेल्या इंका भिंती उघड्या पडल्या, जागच्या जागी उभ्या! मग वाद सुरू झाला, चर्च परत बांधायचं की मंदिर मोकळं करायचं. शेवटी दोन्ही ठेवलं, म्हणून आज एकाच आवारात कमानींचा मठ आणि त्याच्या पोटात काळ्या दगडाच्या खोल्या असं चमत्कारिक दृश्य दिसतं. बाहेरून फिरून गोल वळणारी भिंत जरूर बघा, त्या वळणावर हात फिरवावासा वाटतो पण लावू नका. आणि एक कामाची गोष्ट, शहराच्या एकत्र टुरिस्ट तिकिटात साक्सायवामान आणि पिसाक, ओयान्तायताम्बो वगैरे आसपासची इंका ठिकाणं येतात पण कोरिकांचाचा मठ आणि कॅथेड्रल येत नाही, कारण ते चर्चच्या ताब्यात, तिथे वेगळे पैसे.

साक्सायवामानबद्दल थोडक्यात. शहराच्या डोक्यावर नागमोडी तीन तट, काही दगड शंभर टनांच्या वर. १५३६ मध्ये मान्को इंका या राजाने स्पॅनिशांच्या ताब्यातल्या कुस्कोला वेढा घातला तेव्हा इथेच तुंबळ लढाई झाली, वर सांगितलेला हुआन पिसारो याच चढाईत डोक्याला दगड लागून मेला. मेलेल्यांवर इतके कोंडोर, म्हणजे अँडीजमधली मोठी गिधाडं, उतरले की पुढे शहराच्या राजचिन्हात किल्ल्याभोवती कोंडोर आले. नंतर दोन-तीनशे वर्षं हा किल्ला म्हणजे गावाची दगडाची खाण होती, माणसांना हलवता येतील ते दगड खाली गेले, न हलणारे राहिले, आपण फोटो काढतो ते हे राहिलेले. मान्को तिथून ओयान्तायताम्बोला हटला आणि तिथे मात्र त्याने स्पॅनिशांना पिटाळलं.

राहिलं माचू पिचू. कुस्कोला रेल्वे पोचली १९०८ मध्ये, त्याआधी बाहेरच्या माणसाला इथे येणं म्हणजे खेचरावरून दिवसच्या दिवस. २४ जुलै १९११ ला येल विद्यापीठाचा अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम माचू पिचूला चढला, शोधत होता वेगळंच, इंकांची शेवटची राजधानी विल्काबाम्बा. त्याला वर नेलं तिथल्या मेल्चोर आर्तेआगा नावाच्या शेतकऱ्याने, वर शेती करणारी कुटुंबं राहत होती, आणि कुस्कोच्याच आगुस्तीन लिसार्रागाने १९०२ मध्ये भिंतीवर आपलं नाव लिहून ठेवलेलं होतं. म्हणून ‘शोध लागला’ असं गाइड म्हणाला की मला टोचतं. त्याच्या नंतरच्या खोदकामात निघालेल्या वस्तू येल विद्यापीठात गेल्या आणि जवळजवळ शंभर वर्षं तिकडेच राहिल्या, पेरूने भांडून भांडून २०११-१२ मध्ये त्या परत आणल्या. त्या आता ठेवल्यात कुस्कोत, चौकापासून दोन मिनिटांवर, कासा कोंचा नावाच्या वाड्यात. ट्रेन सकाळची असेल तर आदल्या दुपारी तिथे जा. मडकी, टाचण्या, हाडाची हत्यारं, माचू पिचूला राहणाऱ्या माणसांच्या हातातल्या वस्तू तिथेच बघायला मिळतात, वर डोंगरावर नाही.