नोव्हेंबरात आगोट नसते

कोकणातल्या माणसाला पावसाची तयारी शिकवावी लागत नाही. मे संपता संपता कौलं चाळून होतात, लाकूडफाटा पडवीत येतो, पश्चिमेच्या अंगाला नारळाच्या पातींची झापं बांधली जातात, होड्या वर ओढल्या जातात. आगोटीची ही कामं हातांना पाठ आहेत. पण दिवाळी आली की तेच घर आपण मोकळं करतो. झापं उतरतात, भात कापून खळ्यात पडलेलं असतं, बाजूला पेंढ्याची उडवी रचलेली असते. नारळी पौर्णिमेलाच दर्याला नारळ देऊन झालेला असतो, म्हणजे होड्याही बाहेर. वादळ नेमकं अशा वेळी येतं.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्यावर चढलं, तेव्हा मासेमारीला गेलेले कितीतरी जण समुद्रातच होते. काही परतलेच नाहीत. २०१७ साली ओखी चक्क डिसेंबरात मुंबईच्या रोखाने आलं. २०१९ च्या दिवाळीत क्यार किनाऱ्याला टेकलंसुद्धा नाही, तरी कापलेलं भात भिजवून गेलं. निसर्ग आणि तौक्ते या वादळांनी जास्त नासधूस केली हे खरं, पण ती जून आणि मेमधली. तेव्हा आगोट निदान अर्धी तरी झालेली होती.

अरबी समुद्रात वादळांचे असे दोन हंगाम का? वादळाला समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं लागतं. शिवाय खालचा आणि वरचा वारा फार वेगळ्या दिशांनी वाहून चालत नाही, नाहीतर उभं राहणारं वादळ कलंडून मोडतं. ऐन पावसाळ्यात खाली पश्चिमेचा जोरदार वारा असतो आणि वर पूर्वेचा. तो पावसाळा सरला की ही ओढाताण थांबते, ऑक्टोबरच्या उन्हात पाणी पुन्हा तापतं आणि वाट मोकळी होते.

आता घराकडे येऊ. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण १२ किलोचा भार टाकतो. वेग १०० झाला की भार दुप्पट नव्हे, चौपट होतो, म्हणजे ४७ किलोच्या आसपास. निसर्गचा वारा किनाऱ्यावर ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. आणि छप्पर या वाऱ्याने दाबलं जात नाही, उचललं जातं. उतारावरून सुसाटत जाणारी हवा वरून ओढ लावते, आणि ही ओढ कडेला आणि आढ्याला सगळ्यात जास्त असते. म्हणून आधी उडतात ते कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, आणि पागोळीकडची कौलं.

मंगळुरी कौलांचं छप्पर चौरस मीटरला ३५-४० किलो भरतं, शिवाय फटींतून थोडा दाब निसटतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा भरतो जेमतेम चार किलो. म्हणजे पत्रा जागेवर राहतो तो वजनाने नाही, केवळ हुकांच्या आणि स्क्रूंच्या जिवावर. खाऱ्या हवेत तेच आधी गंजतात, आणि तेही वॉशरखाली, जिथे दिसत नाही तिथे. पत्र्यावर चार धोंडे ठेवून निर्धास्त होणारे लोक मी दर गावात पाहिलेत. वरचा आकडा बघा आणि हिशोब करा. ते धोंडे पत्र्याला धरून ठेवणार नाहीत, शेजाऱ्याच्या पडवीत मात्र जाऊन पडतील. त्यापेक्षा ऑक्टोबरात शिडी लावून प्रत्येक हूक हलवून पाहावा, कडेच्या रांगेत हूक वाढवावेत, आणि वासे भिंतीशी लोखंडी पट्टीने जखडावेत. चिऱ्याची भिंत जड असते, ती सहसा टिकते. सुटतो तो तिचा आणि छपराचा सांधा.

‘खिडक्या उघड्या ठेवा, दाब सारखा होतो’ असं सांगणारे अजून भेटतात. ऐकू नका. वाऱ्याच्या तोंडाचं एक दार उघडलं की हवा आत कोंडते आणि छपराला आतून ढकलू लागते. वरची ओढ होतीच. दारं लावावीत, आडणा घालावा.

वाऱ्याचं तोंड कुठलं हा प्रश्न मात्र फसवा आहे. आपल्याकडे वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. दक्षिणेकडून समुद्रातून वर सरकणाऱ्या वादळाचा पहिला वारा त्यामुळे डोंगराकडून, पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येतो. मग तो दक्षिणेला वळतो आणि वादळ पुढे गेल्यावर नैर्ऋत्येकडून समुद्राचा होतो. आपली सगळी बांधाबांध असते पश्चिमेला, आणि पहिला तडाखा बसतो मागीलदाराला, जिथे नुसती न्हाणीघराची ताटी असते. वादळाचा डोळाच घरावरून गेला तर मध्ये चक्क शांत होतं. त्या वेळी पडलेले नारळ गोळा करायला कुणी बाहेर पडू नये. वारा उलट बाजूने परततो.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होडी सोडायची नाही, हे लहान पोरालाही माहीत असतं. आठ ते दहा म्हणजे मोठा धोका. अकरा नंबरचा अर्थ असा की हवामान खात्याशी संपर्कच तुटला आहे. घराघरांत ही अकरा नंबरची वेळ फार लवकर येते. टॉवरची बॅटरी संपली की मोबाइल मुका होतो. निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. म्हणून सेलवरचा रेडिओ हवा, आणि लाईट असेपर्यंत टाकी भरून घ्यायला हवी. पंप बंद पडल्यावर विहिरीला रहाट आणि दोर शिल्लक आहे का, हेही आधीच बघावं. घरात कुणी इन्शुलिन घेत असेल तर फ्रिज बंद पडल्यावर ते ओल्या मातीच्या भांड्यात ठेवता येतं. दमट हवेत भांडं कमी गार होतं, पण उन्हाळी उकाड्यापेक्षा बरंच.

माणसं कुठे जाणार, हे वारा सुटण्याआधी ठरलेलं बरं: वाडीत स्लॅबचं घर कुणाचं, वाटेत मोठा फणस किंवा विजेची तार आडवी येते का, म्हाताऱ्या माणसाला कोण उचलणार. आमच्याकडे हा बेत दर वेळी एकाच जागी अडतो. गोठ्यातल्या गुरांची दावी सोडल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आजी उंबरा ओलांडत नाही. त्यामुळे आता सगळ्यात आधी गोठ्यात जायचं ठरलंय.