व्यसन, एचआयव्ही आणि कॉर्टिसॉल

कॉर्टिसॉल हे ताणाचे मुख्य संप्रेरक. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून सीआरएच हे संप्रेरक, त्याच्या इशाऱ्याने पीयूषिका ग्रंथीतून एसीटीएच आणि त्यावरून मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल, अशी ही साखळी. उठण्याच्या सुमारास ते सर्वाधिक असते, मध्यरात्री सर्वांत कमी.

गर्द किंवा अफूजन्य पदार्थ रोज घेणाऱ्यात वरचा इशाराच मंदावतो आणि कॉर्टिसॉल घटते. माल तुटून ‘टर्की’ (नशा न मिळाल्याचा त्रास) लागली की ते उसळते. दारू आणि कोकेन बहुधा ते वाढवतात. अफूजन्य व्यसनावरचे औषध ब्युप्रेनॉर्फिन रोज ठरल्या मात्रेत, जिभेखाली पूर्ण विरघळू देऊन घेतले तर लय हळूहळू सावरते. एचआयव्हीत कॉर्टिसॉल अनेकदा थोडे चढे असते. प्रतिकारशक्ती फार खालावली की क्षयरोग आणि सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू अधिवृक्क ग्रंथीच पोखरतात.

खरा घोळ औषधांचा. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून, भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (आता तिचे नाव बदलले आहे) १९९२ पासून. दोन्ही प्रश्न शहराला जुने आहेत. तरी अशा रुग्णाचे कागद सहसा वेगवेगळ्या फायलींत असतात. एआरटीच्या (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) पुस्तकात दम्याचा पंप लिहिलेला नसतो, आणि छातीच्या डॉक्टरांना एचआयव्हीचे औषध रिटोनाविर चालू असल्याचे कोणी सांगितलेले नसते. रिटोनाविर यकृतातले सीवायपी३ए४ हे औषधे मोडणारे विकर अडवते, त्यामुळे पंपातले फ्ल्युटिकासोन हे स्टेरॉइड रक्तात साठत जाते. चेहरा गोल होतो, पोट सुटते, आणि सकाळचे कॉर्टिसॉल मात्र जवळपास शून्य येते: ग्रंथी झोपलेली असते आणि चाचणीत बाहेरचे स्टेरॉइड बहुधा दिसत नाही. अशा वेळी पंप एकदम बंद करणे धोक्याचे. त्याऐवजी बेक्लोमेथासोन हे दुसरे स्टेरॉइड देतात आणि ग्रंथी जागी होईपर्यंत गरजेनुसार हायड्रोकॉर्टिसोनचा (औषधरूपातल्या कॉर्टिसॉलचा) आधार ठेवतात. गुडघ्यात दिलेल्या ट्रायॅम्सिनोलोन या स्टेरॉइडच्या इंजेक्शनानेही हेच घडते. म्हणून औषधांची पिशवी टेबलावर उलटी करून पाहावी. स्टेरॉइड मिसळलेल्या, वजन वाढवायच्या पुड्याही त्यातच सापडतात.

क्षयाचे औषध रिफॅम्पिसिनचे उलटे. ते कॉर्टिसॉल लवकर संपवते आणि ब्युप्रेनॉर्फिनही. क्षयाचे उपचार सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास रुग्ण ‘गोळी पुरत नाही’ म्हणतो, ते प्रत्येक वेळी नाटक नसते.

रक्ताचा नमुना सकाळी ८ च्या सुमारास घेतात. मात्र रात्रभर जागून दुपारी उठणाऱ्याची सकाळी ८ ची वेळ त्याच्या शरीराला मध्यरात्रच. नमुन्यासोबत झोपेची वेळ आणि शेवटच्या डोसची वेळ लिहिली नसेल तर आकड्याला अर्थ नाही. टर्कीच्या दिवसांत तपासणी टाळलेली बरी. ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आले तर कमतरता जवळपास नक्की. शंका असल्यास कृत्रिम एसीटीएच २५० मायक्रोग्रॅम टोचून ३० आणि ६० मिनिटांनी पुन्हा रक्त घेतात. १८ च्या वर गेले तर ग्रंथी ठीक, नव्या पद्धतींच्या यंत्रांवर ही रेघ थोडी खाली धरतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अधिवृक्क ग्रंथी कोलमडलेल्या रुग्णाला टर्की समजणे. उलट्या, पोटदुखी, गळाठा दोन्हींत असतो. टर्कीत डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, नाक वाहते, जांभया, अंगावर काटा, आणि रक्तदाब बहुधा चढा. ग्रंथी कोलमडली तर रक्तदाब पडतो, उभे राहताच भोवळ येते, सोडियम आणि साखर घसरते. अशा वेळी कॉर्टिसॉलसाठी रक्त काढून बाजूला ठेवावे, हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून आणि सलाइन लगेच सुरू करावे, अहवाल मागून येतो.