माकड दरीत पडतं तेव्हा

पारदर्शक चेंडू आणि त्याच्या आत एक माकड. खेळाडूने हातातल्या कंट्रोलरने खालची जमीन हवी तशी कलती करायची, चेंडू घरंगळत न्यायचा, वाटेतली केळी उचलायची आणि कडेवरून खाली न पडता शेवट गाठायचा. ‘सुपर मंकी बॉल 2’ हा गेम मुळात एवढाच. फिनलंडमधले संशोधक निक्लास रवाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 36 तरुण-तरुणींना खेळायला दिला. खेळण्याआधी मात्र त्यांच्या चेहऱ्यावर इलेक्ट्रोड चिकटवले.

गालावरचे इलेक्ट्रोड ओठांचे कोपरे वर ओढणाऱ्या स्नायूची हालचाल टिपत होते, भुवईजवळचे आठ्या घालणाऱ्या स्नायूची. डोळ्याभोवतीही ते होतेच, कारण मनापासूनचं हसू तिथवर पोचतं. समोरच्याला चेहरा अगदी कोरा दिसत असला, तरी या स्नायूंतली सूक्ष्म विद्युत हालचाल यंत्राला कळते. एवढा खटाटोप कशाला? गेम संपल्यावर ‘मजा आली का?’ असं विचारलं, की माणूस सगळ्या खेळाचं मिळून एकच गोळाबेरीज उत्तर देतो. नेमक्या कुठल्या क्षणी काय वाटलं, ते त्यात हरवून जातं.

केळं मिळाल्यावर चेहरा खुलला, यात नवल नाही. पण माकड दरीत कोसळलं, त्या क्षणाची नोंदही आनंदाच्याच बाजूची निघाली! पडून झाल्यावर गेम तीच पडझड पुन्हा दाखवतो. खेळाडूच्या हातात तेव्हा काहीच नसतं, नुसतं बघत बसायचं. तिथे मात्र नोंद नाराजीकडे झुकली, तीही मरगळलेल्या नाराजीकडे. 2006 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घटना एकच, फक्त पहिल्या वेळी सूत्रं आपल्या हाती होती.

माझी एक शंका आहे. पडतानाचं ते हसू निखळ आनंदाचं, की स्वतःच्या फजितीचं? नुसता गालाचा स्नायू याचं उत्तर देऊ शकत नाही.

डॅनिश अभ्यासक येस्पर यूल यांनी हाच धागा दुसऱ्या टोकाने धरला. त्यांनी प्रयोगासाठी एक छोटा गेम बनवला आणि खेळून झाल्यावर लोकांना त्याला गुण द्यायला लावले. एकदाही न हरता शेवट गाठणाऱ्यांपेक्षा, थोडं हरून मग जिंकलेल्यांनी गेमला जास्त गुण दिले. अपयश टाळायला धडपडणारी माणसं हरवणारा खेळ आपणहून मागून घेतात, या कोड्यावर यूल यांनी पुढे अख्खं पुस्तक लिहिलं.

अर्थात हरणं आपलं स्वतःचं वाटलं पाहिजे. ‘मी बटण दाबलं होतं, गेमनेच ऐकलं नाही’ असं वाटलं की मजा गेलीच. म्हणून उड्या मारायच्या कित्येक गेममध्ये एक लबाडी लपवलेली असते. पात्राचा पाय कडेवरून सुटल्यानंतरही काही क्षणचित्रांपुरतं (पडद्यावर एकामागून एक झळकणाऱ्या स्थिर चित्रांपुरतं, म्हणजे ‘फ्रेम’पुरतं) उडीचं बटण चालू ठेवलेलं असतं. सेकंदाला 60 क्षणचित्रं असतील, तर अशी सहा म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. गेम बनवणारे याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात, कडा संपला तरी हवेत क्षणभर तरंगणाऱ्या, कार्टूनमधल्या कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्यावरून. खेळाडूला यातलं काहीच कळत नाही. त्याला वाटतं, थोडक्यात साधलं!