टीव्हीसमोर ठेवलेला टेपरेकॉर्डर

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी चढलं, आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या आसपास गेली, तेव्हा गावभागात मामांच्या घराचा खालचा मजला पूर्ण बुडाला. माळ्यावर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, तो तेवढा कोरडा राहिला. त्यात अठरा कॅसेटी. एकीवर मामांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: 'बातम्या + गजरा, ७९'. 'गजरा' म्हणजे मुंबई दूरदर्शनवरचा करमणुकीचा मराठी कार्यक्रम.

मामा तेव्हा पुण्यात नोकरीला होते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे १९७३ पासून पुण्यात दिसू लागलं. घरमालकांच्या टीव्हीसमोर स्टूल ओढायचं, त्यावर टेपरेकॉर्डर ठेवायचा, प्ले आणि रेकॉर्ड एकदम दाबायचं आणि सगळ्यांना गप्प बसवायचं. चित्र साठवायची सोय साध्या घरांत नव्हतीच.

आवाज साठवता येत होता आणि चित्र नाही, याचं कारण अगदी साधं आहे. माणसाला ऐकू येणारा आवाज सेकंदाला जास्तीत जास्त वीस हजार कंपनांचा. आपल्याकडच्या त्या वेळच्या टीव्हीच्या चित्राला मात्र सेकंदाला पन्नास लाख कंपनांपर्यंतची जागा लागायची. एवढं सगळं टेपवर उतरवायचं तर टेप अफाट वेगाने पळवायला हवी. १९५६ मध्ये अमेरिकेत यावर तोड निघाली: दोन इंच रुंद टेप आणि तिच्यावर आडवी, गरगर फिरणारी हेड, म्हणजे टेपवर लिहिणारी-वाचणारी चुंबकी टोकं. पण ती यंत्रं आणि ती टेप इतकी महाग की जगभरच्या केंद्रांनी एकदा दाखवलेला कार्यक्रम पुसून त्याच टेपवर दुसरा घेतला. बातम्या तर थेट वाचल्या जायच्या. त्या हवेत गेल्या की गेल्या. चंद्रावर माणूस उतरला तेव्हाचं मूळ, सर्वांत स्पष्ट चित्र असलेल्या टेपसुद्धा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये काढला. आज आपण पाहतो ती टीव्हीवरून गेलेली, उतरलेल्या दर्जाची प्रत.

इंग्लंडात बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेच्या साठच्या दशकातल्या ९० हून अधिक भागांचं चित्र असंच गेलं. आवाज मात्र त्या प्रत्येक भागाचा शिल्लक आहे, कारण कुठल्या ना कुठल्या घरात एखाद्या पोराने टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावला होता. हे वाचल्यापासून मी मामांच्या डब्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो.

पहिली चूक माझीच. घाईघाईने मी दोन कॅसेटी एका दुकानात दिल्या. त्यांनी खरखर 'साफ' करून एमपी३ हातात ठेवली. वृत्तनिवेदिका हौदात बसून बोलतेय असं वाटत होतं. 'स' आणि 'श' यांत फरकच उरला नव्हता. खरखर आणि 'स' दोन्ही वरच्या पट्टीतले. सॉफ्टवेअरने एक खरवडला की दुसराही सोलवटतो. म्हणून पहिली प्रत जशी आहे तशीच घ्यायची, खरखरीसकट. साफसफाई नंतर, आणि तीही नकलेवर.

कॅसेटची टेप चार मिलिमीटरलाही कमी रुंद असते. पॉलिएस्टरच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचे सुईसारखे कण चिकटवलेले असतात आणि त्यांच्या चुंबकत्वात आवाज असतो. टेप सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर सरकते. म्हणजे दहा हजार कंपनांच्या आवाजाची एक लाट टेपवर पाच मायक्रॉनपेक्षाही लहान जागेत बसते, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहून कमी. आवाज वाचणाऱ्या हेडमधली फट त्या लाटांना समांतर हवी. ती ०.२ अंशाने तिरकी झाली, तरी मोनो (एकाच पट्ट्यावर आवाज असलेल्या) कॅसेटच्या दीड मिलिमीटर रुंद पट्ट्याच्या अर्ध्या भागात लाट वर आणि उरलेल्या अर्ध्यात खाली, असं होऊन नऊ हजार कंपनांच्या आसपासचा आवाज स्वतःलाच खोडून टाकतो. डेक, म्हणजे कॅसेट वाजवणारं यंत्र, बिघडलेला नसतो, टेपही खराब नसते. तरी बोलणं गुदमरतं.

उपाय आहे एका बारीक स्क्रूचा. हेडच्या बाजूला तो असतो. कॅसेट चालू ठेवायची, स्टिरिओ डेकचे डावा-उजवा दोन्ही चॅनल एकत्र करून ऐकायचं आणि स्क्रू केसभर फिरवत राहायचं. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर काय करतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. घोडी जराशी घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायची, आणि एका क्षणी आवाज खुलतो. इथेही तसंच. खरखर अचानक झळझळीत होते आणि मागोमाग 'स' सुटा होतो. यात कंपनीने ठरवलेला कोन कामाचा नाही. मामांच्या रेकॉर्डरचं हेड १९७९ मध्ये जसं तिरकं होतं तसंच आपलं करायचं. प्रत्येक कॅसेटला नव्याने.

वेगाचं काम अवघड. जुन्या रेकॉर्डरच्या मोटरी कमीजास्त पळायच्या, त्यामुळे आवाजाची पट्टी चढते किंवा उतरते. मागे विजेची ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास कंपनांची, गुणगुण ऐकू येते, ती मोजून वेग जुळवावा असं वाटतं. पण आपल्याकडे विजेची वारंवारता तेव्हा ५० वर टिकायचीच असं नाही, अनेकदा ती खाली यायची. टीव्हीच्या नळीची बारीक शीळ जास्त भरवशाची, कारण चित्राच्या ६२५ रेषा सेकंदाला पंचवीस वेळा, म्हणजे नेमकी १५,६२५ हर्ट्झ, आणि ती केंद्रावरूनच ठरलेली. मात्र घरगुती रेकॉर्डर सहसा एवढ्या वरचा आवाज टिपत नाहीत. मामांच्या आतापर्यंत उतरवलेल्या कॅसेटींपैकी एकीवरच तिची पुसट रेघ आवाजाच्या आलेखात दिसली. त्या दिवशी जेवण झालं नाही.

साठवायला ९६ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाची ९६ हजार मोजमापं), २४ बिट, आणि आवाज न दाबता ठेवणारी डब्ल्यूएव्ही फाइल. मोनो तासाला साधारण १ जीबी लागतो. त्याच्या तीन प्रती ठेवाव्यात, आणि सांगलीकराने तरी त्यातली एक पूररेषेबाहेर.

खालच्या कपाटातल्या कॅसेटी मात्र गेल्या. आम्ही त्या उन्हात वाळत घातल्या होत्या. चिखल वाळला आणि टेपच्या वेटोळ्यांना कायमचा चिकटला. भिजलेली कॅसेट उन्हात ठेवायची नाही आणि लावून तर मुळीच पाहायची नाही. स्वच्छ, थंड, शक्यतो डिस्टिल्ड पाण्यात ठेवून चिखल सुटू द्यायचा आणि मग सावलीत हवेवर सुकवायची.

घाई मात्र पाण्यापेक्षाही यंत्रांची आहे. चांगले डेक आता नवे बनत नाहीत, हेडं झिजतात, रबरी चाकं कडक होतात. टेपवरचं बरंच काही २०२५ नंतर वाजवताच येणार नाही, असा इशारा जगातल्या ध्वनिसंग्रहालयांनी कधीच दिला होता.

गजराची कॅसेट अखेर नीट उतरली. मध्येच कुकरची शिट्टी होते, कुणी तरी "गप रे" म्हणतं आणि एका विनोदावर मामा खोखो हसतात. सॉफ्टवेअर त्या हसण्याला 'नको असलेला आवाज' म्हणून खूण करतं. मी ती खूण काढून टाकली. अकरा कॅसेटी झाल्या, सात राहिल्या. त्यातल्या एकीत बुरशीचे पांढरे ठिपके आहेत. ती पावसाळा सरून हवा कोरडी झाल्यावरच, तोंडाला मास्क बांधून उघडायची.